मुलांची बद्धकोष्ठता: आपला अनुभव लिहा

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. तिच्या तिसऱ्या वर्षापासून जवळजवळ दीड वर्ष आमच्या घरातला प्रत्येक दिवस "आज शी झाली का?" या एकाच प्रश्नाभोवती फिरत असे. त्या काळात इतर पालकांच्या बोलण्याचा मला फार आधार वाटला, म्हणून हा धागा काढत आहे. सुरुवात मीच करते.

निमित्त लहान होते. एकदा कडक खडा झाला, चीर पडली आणि थोडे रक्त आले. त्यानंतर शी लागली की ती पायांची अढी घालून, अंग ताठ करून पडद्यामागे उभी राहायची. ती कुंथते आहे असे आम्हाला वाटे. प्रत्यक्षात ती शी रोखून धरत होती. मळ जितका आत राहील तितके आतडे त्यातले पाणी शोषून घेते, म्हणून पुढची शी आणखी कडक होई आणि तिची भीती आणखी वाढे. पुढे चड्डीला पातळ डाग लागू लागले, तेव्हा जुलाब समजून आम्ही नेमके उलटे उपाय केले. साचलेल्या मळाच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि मुलाला ते कळतही नाही, हे डॉक्टरांनी समजावले तेव्हा तिला रागावल्याचे फार वाईट वाटले.

पॉलिएथिलीन ग्लायकॉल या शी मऊ करणाऱ्या औषधाची पावडर सुरू झाली: साचलेले बाहेर पडेपर्यंत काही दिवस वजनानुसार मोठी मात्रा, मग रोज कमी मात्रा. सवय लागेल या भीतीने आम्ही ती तीन आठवड्यांत बंद केली आणि सगळे पहिल्यापासून सुरू झाले. हे औषध मळात पाणी धरून ठेवते, आतड्याला आळशी बनवत नाही. ते निदान दोन महिने द्यावे आणि त्रास थांबून महिना झाल्यावरच हळूहळू कमी करावे, असे आम्हाला सांगण्यात आले. आम्हाला सात महिने लागले.

*

माझा अनुभव काहीच न करण्याचा आहे. केवळ अंगावरचे दूध पिणाऱ्या माझ्या अडीच महिन्यांच्या बाळाला सात दिवस शी झाली नाही. वजन वाढत होते, पोट मऊ होते आणि आठव्या दिवशी झालेली शीही मऊच होती. ही बद्धकोष्ठता नव्हे, असे डॉक्टरांनी सांगितले. सहा महिन्यांच्या आत वरचे पाणी आणि वर्षाच्या आत मध देऊ नये, हेही त्यांनी बजावले.

*

आमच्याकडे पावडरच्या दुधात, बाळाचे पोट भरावे म्हणून, एक चमचा जास्त घातला जात होता. डब्यावरच्या मापाप्रमाणे दूध करू लागल्यावर त्रास थांबला.

*

मी सहा वर्षांच्या मुलाचा बाबा. शाळेतल्या शौचालयात जायला तो घाबरायचा आणि दिवसभर रोखून धरायचा. जेवणानंतर आतड्याची हालचाल आपोआप वाढते, म्हणून नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच ते दहा मिनिटे बसायचे, पायांखाली स्टूल ठेवून गुडघे कमरेपेक्षा वर येऊ द्यायचे, असा नेम केला. शाबासकी बसल्याबद्दल दिली, शी झाल्याबद्दल नाही. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. दूध अर्ध्या लिटरच्या आत आणल्यावर त्याला जेवणातल्या भाज्या आणि फळांसाठी भूक लागू लागली.

*

वरचे अनुभव वाचून धीर येतो, तरी आमचेही लिहिणे भाग आहे. आमच्या मुलाची पहिली काळी शी जन्मानंतर 48 तास उलटले तरी झाली नव्हती. पुढे पोट फुगू लागले आणि हिरवी उलटी झाली. तपासणीत हिर्शस्प्रुंग आजार निघाला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात आतड्याची हालचाल घडवणाऱ्या चेतापेशीच नव्हत्या, आणि शस्त्रक्रिया करावी लागली. आज तो ठणठणीत आहे. पहिली शी कधी झाली हे प्रत्येक डॉक्टर विचारेलच असे नाही; उशीर झाला असेल तर तो आपणहून सांगावा.