बारावी कलेनंतर गुन्हेगारीशास्त्र: आधी एक गाठ सोडवू

ताई, भाची कला शाखेची, आणि क्रिमिनॉलॉजी म्हणजे गुन्हेगारीशास्त्र करून तिला फॉरेन्सिक लॅबमध्ये नोकरी मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. इथेच बहुतेकांची गल्लत होते. रक्ताचे डाग, डीएनए, विष तपासणं हे न्यायसहायक विज्ञान, म्हणजे फॉरेन्सिक सायन्स. त्याला विज्ञान शाखाच लागते. गुन्हेगारीशास्त्र म्हणजे गुन्हा का घडतो, बळी कोण पडतं, शिक्षेनं काय साधतं याचा अभ्यास: समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा आणि संख्याशास्त्र.

मुलं अडखळतात ती संख्याशास्त्रात. एकाच एफआयआरमध्ये खून आणि जबरी चोरी असेल तर एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय विभागाच्या) आकडेवारीत फक्त खून मोजला जातो, कारण सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा धरतात. शिवाय आकडा वाढला म्हणजे गुन्हे वाढलेच असं नाही. तक्रार करायला जास्त लोक पुढे आले असतील. हे वाचता आलं नाही तर पदवी कागदावरच राहते.

प्रवेशाआधी अभ्यासक्रम उघडून बघा. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाचं कलम ३०२ आता १०३, फसवणुकीचं ४२० आता ३१८(४). जुने खटले मात्र जुन्याच कलमांनी चालतात, म्हणून दोन्ही शिकवणारं कॉलेज निवडा.

पीएसआयच व्हायचं असेल तर एमपीएससीला कुठलीही पदवी चालते. कोल्हापुरातच राहायचं तर मानसशास्त्र किंवा समाजशास्त्रात बीए करून पुढे एमएला गुन्हेगारीशास्त्र घेणं मला जास्त पटतं. त्याआधी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात एक दिवस तिला साक्षीदाराची उलटतपासणी ऐकू द्या.