इसब आणि जुनी खाज : कुठे चुकलात ते लिहा (अनुभव धागा)

परवा बेळगावच्या खडेबाजारात ओळखीच्या एक वहिनी भेटल्या. पिशवी उचलताना बाही वर सरकली आणि त्यांनी ती चटकन खाली ओढली. मग मीच माझी बाही वर केली. पुढची वीस मिनिटं आम्ही तिथेच उभ्या! त्यावरून हा धागा. एकच विनंती, मलमांची नावं लिहू नका. नाव ऐकायचं आणि दुकानातून ट्यूब आणायची, यातच माझी चार वर्षं गेली.

टिळकवाडी, वय ४४
माझ्यापासून सुरुवात. कोपराच्या खोबणीत आणि मानेवर चट्टे. मेडिकलवाल्यानं लांबूनच 'गजकर्ण' ठरवून ट्यूब दिली. दोन दिवसांत खाज गायब, महिन्याभरात दुप्पट. नंतर कळलं, तिच्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोरदार स्टिरॉईड असं सगळं एकत्र होतं. खरंच गजकर्ण असतं तर स्टिरॉईडनं वरून निवून आत पसरलं असतं. मला होतं इसब, म्हणजे स्टिरॉईड लागणारच होतं, पण मोजून आणि ठरावीक दिवस. मी वर्षानुवर्षं चोळत राहिले, कोपराची कातडी पातळ होऊन शिरा दिसायला लागल्या.

स्किनच्या डॉक्टरांनी माप शिकवलं. तर्जनीच्या पहिल्या पेरावर ट्यूबमधून ओढलेली एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. आणि ओलावा धरणारं साधं क्रीम मात्र हात आखडता न घेता, अंघोळीनंतर अंग दमट असतानाच. या कातडीची भिंत मुळात गळकी असते, आतलं पाणी उडतं, बाहेरचं घुसतं, म्हणून चट्टे नसतानाही लावायचं. मी वर्षभर एक छोटी डबी पुरवत होते. अंगभर इसब असेल तर मोठ्या माणसाला आठवड्याला पाव किलोसुद्धा लागतं म्हणे!

उद्यमबाग, मशीन शॉप
माझं फक्त हातांवर. रविवारी बरं, गुरुवारपर्यंत भेगा. एवढं सरळ दिसत असून तीन वर्षं लक्षात आलं नाही बघा. कूलंटमध्ये (मशीन थंड ठेवायला सोडतात ते पाणी) हात, आणि सुटी झाली की रॉकेल नि कपड्याच्या साबणानं खसाखसा धुणं. कूलंटपेक्षा ते धुणंच जास्त नडलं असं मला वाटतं. आता रॉकेल बंद, सौम्य साबण, वर व्हॅसलीन. रबरी हातमोज्यांत घाम येऊन खाज वाढायची, म्हणून आत सुती मोजे घालतो. पोरं हसतात. हसू देत की.

खानापूर तालुका, बाबांबद्दल लिहितेय
बाबा ६१. चेहरा, मान, कोपरं, सगळी कातडी जाड आणि काळवंडलेली. गावातले डॉक्टर सुई द्यायचे, पंधरा दिवस बरं, की परत. 'उन्हाचं आहे' असं सगळे म्हणत. बेळगावात डॉक्टरांनी पापण्या, कानामागं आणि हनुवटीखाली बघितलं. नुसतं ऊन असतं तर या सावलीतल्या जागा सुटल्या असत्या. मग कशाची ॲलर्जी आहे ते बघायला पाठीवर चिकटपट्ट्या लावून तपासणी केली. दोन दिवस पाठ भिजवायची नाही आणि तपासायला पुन्हा जायचं, त्यात बाबांची चिडचिड वेगळीच. निघालं काय, तर गाजर गवत! आम्ही काँग्रेस म्हणतो तेच. आपल्याकडचं नव्हेच ते, अमेरिकेतून आलंय, पुण्याकडं १९५०च्या दशकात पहिल्यांदा दिसलं. हात लावायचीही गरज नाही, वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्यानं येते. बाबा दर उन्हाळ्यात तेच बांधावर जाळायचे आणि धुरात उभे राहायचे.

निपाणी
मी सात वर्षं वांगी, शेंगदाणे, दही सोडलं. काही फरक नाही. परवा लग्नात भरली वांगी खाल्ली, तरी काही झालं नाही.

शहापूर
कडुलिंबाच्या पाण्यानं माझ्या सासूबाईंना आराम पडला होता. सगळंच डॉक्टरांचं खरं नसतं.

टिळकवाडी (धागाकर्ती)
पडला असेल, ताई. माझं मात्र त्या कढत पाण्यानंच वाढलं. कढत पाणी ओतताना खाजेला इतकं बरं वाटतं की हात थांबत नाही, आणि तासाभरात कातडी कोरडीठाक. आता कोमट पाणी, पाच-दहा मिनिटं, बस्स.

हुक्केरीजवळ
आमच्या घरात चौघांनाही रात्रीच खाज येते, बोटांच्या बेचक्यात आणि कमरेवर. हेही इसबच का?

टिळकवाडी (धागाकर्ती)
एकाचं इसब दुसऱ्याला लागत नाही. चौघांना एकदम, तेही रात्री, म्हणजे खरूज असू शकते. डॉक्टरांना दाखवा, आणि खरूज निघाली तर औषध सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, ज्याला खाज नाही त्यानंसुद्धा. कपडे, अंथरूण गरम पाण्यात.

खानापूर तालुका
बाबांचं राहिलं. शेत सुटत नाही. गवत फुलायच्या आधी गडी लावून उपटून घेतो, बाबा पूर्ण बाह्या आणि तोंडाला पंचा बांधून लांब उभे. घरी आले की आधी अंघोळ, कपडे बाहेरच. पापण्यांवरचं उतरलंय. मानेवरची जाड कातडी अजून आहे, रात्री झोपेत हात तिथंच जातो, म्हणून आई त्यांची नखं दर शनिवारी कापते.