मदत हवी आहे: ऑटिझम असताना पोलीस दलात काम करता येईल का?

नमस्कार मंडळी. मी ऑटिस्टिक आहे आणि मला मनापासून पोलीस दलात काम करायचंय. नियम पाळणं, बारीकसारीक तपशील लक्षात ठेवणं, जबाबातली विसंगती पकडणं हे मला जमतं आणि आवडतंही. घरचे म्हणतात, 'हे तुझं क्षेत्र नाही.' मला ते पटत नाही. ब्रिटनमध्ये तर ऑटिस्टिक पोलिसांना आधार देणारी नॅशनल पोलीस ऑटिझम असोसिएशन नावाची संघटनाच आहे, म्हणजे अशी माणसं या नोकरीत आहेत!

खरी काळजी वेगळीच आहे. सायरन, चमकणारे दिवे, गर्दीतला आरडाओरडा एकदम अंगावर आला की माझं बोलणं काही वेळ थांबतं. गस्तीवर असताना असं झालं तर सहकाऱ्याचा किंवा समोरच्या माणसाचा जीव धोक्यात येऊ शकतो, आणि ते मला नको आहे. म्हणून डिजिटल पुराव्यांची तपासणी, गुन्ह्यांच्या माहितीचं विश्लेषण, न्यायवैद्यक प्रयोगशाळा अशा कामांचा विचार चालू आहे. पण यातल्या काही जागांसाठी आधी गस्तीची नोकरी करावी लागते का?

दुसरं म्हणजे मुलाखत. नजरेला नजर देऊन बोलणं मला जड जातं, आणि तपासात नजर टाळणारा माणूस खोटा समजला जातो, तसंच मुलाखतीतही होईल अशी भीती वाटते. निदानाबद्दल अर्जातच सांगावं, की निवड झाल्यावर? वैद्यकीय तपासणीत थेट विचारलं तर मी लपवणार नाही, हे नक्की.

तुमच्यापैकी कुणी, किंवा ओळखीचं कुणी या वाटेने गेलंय का? प्रशिक्षणातला ओरडा कसा सोसला, तेही सांगा.