विषय: बाबांच्या थोरेन्स रेकॉर्ड प्लेअरचा आर्म (सुई धरणारी दांडी) – बदलावा का?

नमस्कार मंडळी,
सुट्टीत ठाण्याला, नौपाड्यात आईकडे आले आहे. बाबांचा थोरेन्स टीडी-१६० अजून चालतो, पण तबकडी शेवटाकडे आली की सुई अडकते आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजते. सगळ्या तबकड्यांवर तेच. इथल्या एका दुरुस्तीवाल्यानं "बेअरिंग गेलं, नवा आर्म घ्या" म्हणून सांगितलं. कुमारजी, भीमसेनजी आम्ही याच प्लेअरवर ऐकले, त्यामुळे प्लेअर मोडीत काढायचा नाही. आर्म कुठला घ्यावा?
– सिंगापूर, सध्या नौपाडा

ताई,
आर्म घेण्याआधी एक परीक्षा करा. प्लेअर लेव्हलमध्ये ठेवा, अँटीस्केट (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून त्याला बाहेर खेचणारी सोय) शून्यावर आणा, सुईला टोपी लावा आणि मागचं वजन (काउंटरवेट) फिरवून आर्म हवेत आडवा तरंगू द्या. मग हलकी फुंकर घाला. मधेच ठरावीक जागी अडखळला तर छऱ्यांनी बेअरिंगमध्ये खड्डे पाडलेत. आर्म न बांधता प्लेअर हलवला की असं होतं. न अडखळता दर वेळी एकाच बाजूला परत येत असेल, तर संशय तारांवर घ्या. खांबातून खाली जाणाऱ्या त्या केसासारख्या तारा वयानं ताठ होतात आणि आर्मला ओढतात. हेडशेल (आर्मचं सुईकडचं टोक) अलगद हलवून खटखट लागते का तेही बघा. लागली तरी स्क्रू स्वतः आवळू नका, आणि तेल तर मुळीच नको.

बदलायचाच झाला, तर आधी स्पिंडल (तबकडीच्या मधली खुंटी) ते पिव्होट (आर्म फिरतो तो बिंदू) अंतर बघा. रेगाच्या आर्मला २२२ मिमी लागतं, टेक्निक्स एसएल-१२०० च्या आर्मला २१५. थोरेन्सचा आर्मबोर्ड (आर्म बसवायची फळी) सुटा होतो, नवा करून घेता येईल. पण तो स्प्रिंगवरच्या सबचासीला (आतल्या तरंगत्या चौकटीला) लागलेला असतो. जड आर्मनं ती एका बाजूला झुकते.

आणि कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) कुठलं आहे? खरं उत्तर तिथेच आहे. आर्मचं इफेक्टिव्ह मास (हलताना सुईला जाणवणारं वजन) ११ ग्रॅम, कार्ट्रिज-स्क्रू मिळून ७, कम्प्लायन्स (सुईच्या आधाराची लवचिकता) १५ धरा. १५९ ला (१८ × १५) च्या वर्गमुळानं भागलं की रेझोनन्स, म्हणजे आर्म-कार्ट्रिज आपसूक डुलतात ती वारंवारता, ९.७ हर्ट्झ येते. ती ८ ते १२ मध्ये हवी, म्हणजे झकास. पण कम्प्लायन्स ३० असेल तर तोच आर्म ६.८ वर उतरतो आणि वाकड्या तबकडीवर डुलायला लागतो. म्हणून नुसतं नाव बघून महागडा आर्म घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.
– मेलबर्न, मूळचा वाशीचा

काका,
केली परीक्षा. आर्म कुठेही अडखळत नाही, खटखटही नाही, पण दर वेळी बाहेरच्या बाजूला परत येतो. म्हणजे ताराच! कार्ट्रिज जुनं, जास्त कम्प्लायन्सचं शुअर आहे, त्यामुळे जड आर्मचा विचार सोडला. ठाणे-वाशीत इतक्या बारीक तारांचं सोल्डरिंग करणारं कोणी माहीत असेल तर कृपया कळवा. मी महिनाअखेरपर्यंत इथेच आहे.