चाळिशी उलटलेल्या बॉक्सरची खरोखर बघण्यासारखी लढत कोणती?

ठाण्याचा_लेटलतीफ

नमस्कार मंडळी. वय ४४, मुक्काम ठाणे. तीन वर्षांपूर्वी साखर काठावर आली म्हणून घराजवळच्या जिममध्ये बॉक्सिंगच्या बॅचला नाव घातलं. बायको म्हणाली होती, गणपतीपर्यंत टिकलास तर मोदक घालीन. टिकलो. (मोदक साखरेमुळे मिळाले नाहीत.) आता आठवड्यातून तीन दिवस बॅग मारतो आणि महिन्यातून एकदा माझ्याच वयाच्या एका सीए मित्राशी हलकं स्पारिंग (सरावाची लढत) करतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये हौसेने टायसन आणि जेक पॉलची लढत बघितली. ५८ वर्षांचा टायसन, दोन-दोन मिनिटांचे आठ राउंड, आणि तो आपलाच ग्लोव्ह चावत उभा. मुलगा म्हणाला, "बाबा, हे तुमच्या आणि सीए काकांसारखंच चाललंय की!"

तर प्रश्न असा. वय झालेल्या बॉक्सरचं पुनरागमन हा सगळा तिकिटं खपवायचाच मामला असतो का? की समोरचा तरुण आणि चांगला असताना कुणी चाळिशीनंतर खरोखर जिंकलंय? एकच लढत सांगा, रविवारी पोराला घेऊन बघतो.

चंदू_चिंचपोकळी

पॅकियाओ वि. थर्मन, जुलै २०१९. पॅकियाओ ४०, थर्मन ३० आणि तोवर एकही लढत न हरलेला. पहिल्याच राउंडला खाली बसवला. शेवटी निकाल दोन विरुद्ध एक पंच असा लागला, पण जिंकला. विषय संपला.

जुना_ग्लोव्ह_खडकी

चंदू, लढत झकासच आहे. पण पॅकियाओचे पाय चाळिशीतही पळत होते, त्यातून या ठाणेकरांच्या पदरात काय पडणार? पाय गेलेल्या माणसाने काय करायचं ते बघायचं असेल तर जॉर्ज फोरमन वि. मायकेल मूरर, हेवीवेट जगज्जेतेपदाची लढत. ५ नोव्हेंबर १९९४, लास व्हेगास.

मी ही लढत आधी पेपरात चार ओळींत वाचली. वर्षभराने दुबईच्या मित्राने व्हीएचएस आणली. आमच्या क्लबात टीव्ही नव्हता, म्हणून समोरच्या सायकलवाल्याच्या घरी दहा पोरं दाटीवाटीने बसलो. पुढे ती कॅसेट इतकी घासली की नवव्या राउंडनंतर पडद्यावर नुसते पट्टे यायचे, आणि नेमकं बघायचं ते दहाव्यात.

फोरमन १९७३ ला जो फ्रेझरला सहा वेळा खाली पाडून जगज्जेता झाला, पुढच्या वर्षी आफ्रिकेतल्या किन्शासात अलीने त्याला आठव्या राउंडला झोपवलं, १९७७ ला ग्लोव्ह टांगून तो धर्मोपदेशक झाला. दहा वर्षं रिंगकडे फिरकला नाही. १९८७ ला परतला तेव्हा डोक्याचा तुळतुळीत गोटा आणि सुटलेलं पोट बघून लोक हसले. १९९१ ला होलीफिल्डपुढे बारा राउंड टिकला, पण हरला. १९९३ ला टॉमी मॉरिसनशीही हरला. आणि तरी मूररशी लढत ठरली! मूरर २६ वर्षांचा, ३५ पैकी ३५ जिंकलेला, होलीफिल्डकडून जगज्जेतेपदाचा पट्टा घेतलेला आणि डावरा. डब्ल्यूबीए (जागतिक बॉक्सिंग संघटना) लढतीला मान्यता देईना, तर फोरमन कोर्टात गेला आणि मान्यता घेऊन आला. वय ४५, वजन ११३ किलो. अंगात तीच लाल ट्रंक (बॉक्सरची चड्डी), जी वीस वर्षांपूर्वी किन्शासात घातली होती.

आता मुद्द्याचं. नऊ राउंड फोरमन मार खातो. तिन्ही पंचांच्या कागदावर मागे, दोघांच्या कागदावर तर ८८-८३. (इथे पंच म्हणजे गुण देणारे. मराठीत बॉक्सिंगवर लिहिताना हा घोळ दर दोन ओळींनी होतो, म्हणून मी मारायच्या पंचाला ठोसाच म्हणतो.) डोळा सुजलेला. बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी थांबवा आता. पण त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, बघा. जोर फार नाही, पण तो सारखा चालू आहे. दार वाजवावं तसा. त्या जॅबने तो मूररला जागेवर धरून ठेवतोय.

डावऱ्याला शिकवलेलं असतं की उजव्या हाताच्या बॉक्सरपुढे आपल्या उजवीकडे सरकत राहा, म्हणजे त्याचा उजवा ठोसा लांब पडतो. मूररचा ट्रेनर टेडी अ‍ॅटलस कोपऱ्यातून घसा फोडून सांगत होता की त्याच्यासमोर उभा राहू नकोस. पण जिंकत असलेल्या माणसाला सरकायचा कंटाळा येतो. सगळे ठोसे बसतायत, म्हातारा हलत नाही, मग कशाला पळा? दहाव्यात फोरमनचा एक उजवा कपाळाच्या बाजूला लागतो, आणि पुढचा, हातभर अंतरावरून, थेट हनुवटीवर. खालचा ओठ फाटतो, मूरर पाठीवर. २ मिनिटं ३ सेकंद. फोरमन आपल्या कोपऱ्यात जाऊन गुडघे टेकतो.

लोक म्हणतात नशिबाचा ठोसा. मला ते पटत नाही. नऊ राउंड त्याने त्या एका जागेचं भाडं भरलं होतं.

दुसरी एक गोष्ट सायकलवाल्याकडे कुणाला दिसली नव्हती, मलाही नाही. फोरमन पुनरागमनात दोन्ही हात तोंडापुढे आडवे एकावर एक धरतो. हा गार्ड (बचावाची पद्धत) आर्ची मूरचा. मूर म्हणजे 'म्हातारं मुंगूस', चाळिशी पार करूनही लाइट-हेवीवेटचा जगज्जेता. त्याचा जन्म १९१३ चा की १९१६ चा यावर त्याच्या आईचं आणि त्याचंच एकमत नव्हतं. १९५८ च्या डिसेंबरात माँट्रियलला इव्हॉन दुरेल नावाच्या कोळ्याने त्याला पहिल्याच राउंडला तीनदा पाडला, पाचव्यात पुन्हा एकदा. अकराव्या राउंडला दुरेल आडवा आणि मूर उभा! हाच मूर पुढे फोरमनच्या ताफ्यात होता, किन्शासातही आणि पुनरागमनातही. १९७४ चा फोरमन कुणाचं ऐकण्यातला नव्हता. पुढे ऐकायला लागला असावा, हा माझा अंदाज.

माझं स्वतःचं सांगतो. मी साडेत्रेसष्ट किलोत खेळायचो, विद्यापीठाच्या पुढे गेलो नाही. ३८ व्या वर्षी क्लबातल्या वीस वर्षांच्या पोराशी स्पारिंग केलं. हात सुटत होते, पण डोळ्यांना मोकळी जागा दिसली आणि पाय तिथे पोचला, यांत गाडी चुकण्याइतका वेळ जात होता. म्हणून फोरमनची नक्कल करून मधोमध उभा राहिलो, पोराला भोवती फिरू दिलं. दोन राउंड झकास गेले. तिसऱ्यात त्याने यकृतावर असा हुक (बाजूने वळवलेला ठोसा) घातला की मी नळापाशी दहा मिनिटं उकिडवा बसून होतो. थोडक्यात, नक्कल करायला हनुवटीही फोरमनचीच लागते.

रेवा_नागपूर

काका, मस्त लिहिलंत. पण यादीत बाई नको का? मेरी कोम, नोव्हेंबर २०१८, दिल्ली. ४८ किलो, जागतिक स्पर्धेची फायनल, समोर युक्रेनची हाना ओखोता, वय २२. मेरी पस्तिशीची, तीन मुलांची आई, आणि आधीचं जागतिक सुवर्ण २०१० चं. ५-० ने जिंकली. सहावं सुवर्ण, आणि मग भर रिंगणात रडली. चाळिशी नाही हे मान्य, पण ४८ किलोत सगळा खेळ वेगाचा असतो, तिथे फोरमनसारखं एका ठोशाची वाट बघत बसता येत नाही. अंतर राखायचं, पोरीने झेप घेतली की अर्धं पाऊल मागे, आणि ती परत सावरायच्या आत दोन ठोसे. नऊ मिनिटं हेच.

आणि ही फायनल झाली त्या हॉलला नाव आपल्या खाशाबा जाधवांचं आहे. टीव्हीवर ते नाव दिसलं तेव्हा माझे कराडचे आजोबा मेरीला सोडून खाशाबांच्या गोळेश्वर गावच्याच गोष्टी सांगत बसले.

फिजिओ_मिरज

विरस करतो, माफ करा. बर्नार्ड हॉपकिन्सचं नाव अजून आलं नाही, म्हणून मीच घेतो. २०११ ला माँट्रियलमध्ये ४६ व्या वर्षी जाँ पास्कालला हरवून त्याने फोरमनचा सर्वांत वयस्कर जगज्जेता होण्याचा विक्रम मोडला. सातव्या राउंडआधी रिंगमध्ये जोर मारून दाखवले. पण त्याची शेवटची लढतही बघा, २०१६ ची. ५१ व्या वर्षी ठोसे खाऊन दोरांतून थेट रिंगबाहेर पडला. आणि अली वि. होम्स, १९८०. अली ३८ चा, होम्स त्याचाच जुना स्पारिंग पार्टनर. दहा राउंड अलीने नुसता मार खाल्ला. पोराला फक्त फोरमन दाखवलात तर अर्धंच चित्र दाखवाल. ठाणेकर, तुम्हीही हेडगार्ड घालता ना? आणि हेडगार्डने कातडी वाचते, मेंदूचं हलणं थांबत नाही, हे माहीत असू दे.

जुना_ग्लोव्ह_खडकी

फिजिओसाहेब, शंभर टक्के. होम्सची लढत मी एकदाच बघितली, परत बघणार नाही. पण त्यातला एक माणूस लक्षात ठेवा, अलीचा ट्रेनर अँजेलो डंडी. दहाव्या राउंडनंतर अलीला पुढे जाऊ दिलं नाही ते त्याने. किन्शासात फोरमन पडला तेव्हाही तो अलीच्या कोपऱ्यात होता. आणि १९९४ ला लास व्हेगासमध्ये तोच डंडी फोरमनच्या कोपऱ्यात. नऊ राउंड मार खाणाऱ्या ४५ वर्षांच्या माणसाला कधी थांबवायचं, हे त्या इमारतीत त्याच्याइतकं कुणाला कळत असणार? तरी त्याने थांबवलं नाही. का, यावर आमच्या क्लबात अजून भांडणं होतात.

ठाण्याचा_लेटलतीफ

सगळ्यांचे आभार. रविवारी फोरमन, मग मेरी कोम. होम्सची लढत पोर झोपल्यावर मी एकटा बघेन. हेडगार्ड घालतो, सीए घालत नाही, त्याला हा धागा पाठवलाय. काका, दहाव्या राउंडमध्ये नेमकं कुठे बघू? सगळं फार पटकन होत असेल ना?

जुना_ग्लोव्ह_खडकी

आवाज बंद करा आणि फक्त मूररचे पाय बघा. फोरमनकडे बघूच नका. पोराला विचारा, हा उजवीकडे शेवटचा कधी सरकला होता?