स्टीव्ह केर, टेंपेतल्या त्या घोषणा आणि "पण जिंकला ना शेवटी?"

टेंपेवासी

परवा इथल्याच दुसऱ्या एका धाग्यावर अमेरिकन बास्केटबॉलपटू स्टीव्ह केरबद्दल हा प्रतिसाद वाचला: "स्टीव्ह केरला एएसयूच्या (टेंपेतली अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी) पोरांनी बापावरून डिवचलं, त्याने २२ गुण करून तोंडं बंद केली, विषय संपला. कॉलेजच्या मॅचला हुटिंग नसेल तर मजा काय? हल्ली लोकांना लगेच लागतं." वर त्याला भराभर +१. दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी एएसयूतूनच एमएस केलं आणि अजून टेंपेतच राहतो. हे माझ्या कॉलेजबद्दल आहे, म्हणून जास्त लागतं.

२७ फेब्रुवारी १९८८. केरचा संघ, युनिव्हर्सिटी ऑफ अॅरिझोना, टुसॉनहून आमच्याकडे खेळायला आलेला. मॅच सुरू व्हायला अवकाश होता, केर वॉर्म-अपला शूटिंग करत होता. डझनभर पोरं ओरडायला लागली: "पीएलओ! पीएलओ!" (पॅलेस्टाइन मुक्ती संघटना) मग "तुझा बाप कुठाय?" मग "मरिन्समध्ये भरती हो, परत जा बैरूतला." केरच्या हातातून चेंडू सुटला, अंग थरथरायला लागलं. तो जाऊन बाकावर बसला. डोळ्यांत पाणी आलं होतं हे त्याने स्वतःच नंतर सांगितलं.

बाप कुठे होता ते साऱ्या अॅरिझोना राज्याला ठाऊक होतं. माल्कम केर, अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ बैरूतचे अध्यक्ष. १८ जानेवारी १९८४ला त्यांच्या ऑफिसच्या बाहेर दोघांनी मागून डोक्यात गोळ्या घातल्या. स्टीव्ह तेव्हा १८ वर्षांचा, टुसॉनला पहिल्या वर्षाला. मध्यरात्रीनंतर हॉस्टेलवर फोन आला.

आता ती मरिन्सची घोषणा परत वाचा. ऑक्टोबर १९८३मध्ये बैरूतमधल्या मरिन्सच्या बरॅकवर ट्रकबॉम्ब फुटला, २४१ अमेरिकन सैनिक गेले. म्हणजे ओरडणाऱ्यांना बैरूत काय चीज आहे ते नीट माहीत होतं. मॅचच्या भरात तोंडातून गेलेली शिवी नव्हती ती. मॅच तर सुरूही झाली नव्हती.

पुढचं सगळे सांगतात: पहिल्या हाफमध्ये सहापैकी सहा थ्री (तीन गुणांचे लांबचे शॉट), त्या हाफमध्येच २० गुण, अॅरिझोना १०१-७३ने जिंकली. सगळं खरं. पण आपण गोष्ट दरवेळी इथेच थांबवतो. स्कोअर सांगितला की ओरडणारी पोरं सुटली. त्याचे सहाच्या सहा शॉट रिमला लागून बाहेर गेले असते तर? तर हुटिंग यशस्वी झालं म्हणायचं का?

धंतोलीकर

तो प्रतिसाद माझाच होता, त्यामुळे उत्तरही मीच देतो.

"बापावरून बोलले ते बरं केलं" असं मी कुठेही लिहिलेलं नाही. घाणच केली. पण डझनभर पोरांची घाण तुम्ही अख्ख्या कॉलेजच्या प्रेक्षकांच्या माथी मारताय. एएसयूच्या क्रीडा विभागप्रमुखांनी केरला पत्र लिहून माफी मागितली, हे तुमच्या एवढ्या लांब पोस्टमध्ये का नाही? आणि त्याच एएसयूच्या पोरांनी २०१३पासून काय सुरू केलं ते तुम्ही तिथे राहून पाहिलं नाहीत? पाहुण्यांचा खेळाडू फ्री थ्रोला उभा राहिला की बास्केटमागे पडदा उघडतो आणि आतून काहीतरी अचाट निघतं. २०१६मध्ये ऑरेगन स्टेटविरुद्ध खुद्द ऑलिंपिक जलतरणपटू मायकेल फेल्प्स पोहण्याच्या चड्डीवर, गळ्यात मेडल्स घालून उभा होता! ते पण हुटिंगच आहे. माझं भांडण एवढंच की एका घटनेवरून सगळं हुटिंग बंद करा म्हणणारे लोक मैदानाचं वाचनालय करून टाकतील.

टेंपेवासी

माफीचं लिहायचं राहिलं, चूक झाली. पण हुटिंग बंद करा असं मी म्हटलेलं दाखवा. पडद्याच्या बाजूला मी स्वतः घसा बसेपर्यंत ओरडलोय. फेल्प्सला बघून समोरच्या पोराचा फ्री थ्रो चुकला, तर रात्री जेवताना तोही हसेल. केर त्या रात्री कशावर हसला असेल?

वैदेही

एक जुनी गोष्ट आठवली. त्याच जानेवारीत, म्हणजे १९८४ला, ड्यूकच्या विद्यार्थ्यांनी मेरीलँडच्या एका खेळाडूवर फार अश्लील प्रकार केले, वस्तू फेकल्या. ड्यूकचे अध्यक्ष टेरी सॅनफर्ड यांनी विद्यार्थ्यांना पत्र लिहिलं आणि खाली सही केली, "अंकल टेरी". धमकी नाही, दंड नाही. म्हणणं एवढंच, की तुम्ही हुशार आहात, तर शिवराळपणाशिवाय जमवा. पुढच्याच घरच्या सामन्याला नॉर्थ कॅरोलायना आली. पोरं डोक्यावर तारेची प्रभावळ लावून बसली आणि पंचाचा निर्णय पटला नाही की एका सुरात, "आम्ही नम्रपणे असहमत आहोत!"

म्हणजे प्रेक्षकांना सांगून समजतं. सांगणारं कुणी हवं.

सदूकाका

मला बास्केटबॉलमधलं फार कळत नाही, पण वाचलं ते असं की बाप गेल्यावर दोन दिवसांनी हा मुलगा मॅच खेळला, आणि तीही याच एएसयूविरुद्ध. हे मला जास्त खटकलं. आपल्याकडे सुतकात माणूस देवाला हात लावत नाही. वडिलांना जाऊन दोन दिवस नाही झाले आणि चेंडू?

दादर_पश्चिम

काका, मग सचिनचं काय? १९९९चा वर्ल्ड कप. प्रा. रमेश तेंडुलकर गेले, सचिन इंग्लंडहून घरी आला, अंत्यसंस्कार झाले आणि २३ मेला ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४०. शतक झाल्यावर वर आकाशाकडे बघितलं तेव्हा आमच्या चाळीत टीव्हीसमोर बाया-बापड्या रडत होत्या. तेव्हा कुणी सुतक काढलं नव्हतं. सचिनला आईनेच परत पाठवलं.

सदूकाका

सचिन देशासाठी खेळत होता. कॉलेजच्या मॅचची त्याच्याशी बरोबरी करू नका.

दादर_पश्चिम

म्हणजे सुतकाला देशाची सूट आहे आणि कॉलेजला नाही? कुठल्या पोथीत?

सदूकाका

पोथीची भाषा माझ्याशी नको. माझे वडील गेले तेव्हा बँकेची परीक्षा होती, प्रमोशनची. तेराव्यापर्यंत घराबाहेर पाऊल टाकलं नाही. ती संधी गेली ती गेली, चार वर्षं मागे पडलो. पण बापासाठी तेरा दिवस बसलो. त्याची आजपर्यंत खंत नाही.

वैदेही

काका, तुम्ही बसलात ते तुमचं. माझ्या बाबांच्या दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर गेले होते, आयसीयूत. घरी बसले असते तर भिंती अंगावर आल्या असत्या. मावशीने तोंडावर सुनावलं, "हिला काही वाटत नाही." आज अकरा वर्षं झाली, ते वाक्य अजून कानात आहे. कुणाला कसं रडायचं ते बाहेरच्याने ठरवू नये. तुम्ही तर नकोच.

सदूकाका

"तुम्ही तर नकोच" म्हणजे? वयाने मोठ्या माणसाशी बोलताय.

धंतोलीकर

अहो, धागा कुठे चाललाय! केरवर या.

टेंपेवासी

नाही, हे केरबद्दलच आहे, बोलू द्या. ती २० जानेवारी १९८४ची मॅच टुसॉनला, मॅकेल सेंटरमध्ये झाली. आधीच्या मोसमात अॅरिझोना २८पैकी फक्त चार सामने जिंकलेली, लूट ओल्सन नुकतेच कोच म्हणून आलेले. माल्कम केरसाठी सगळे स्तब्ध उभे राहिले तेव्हा स्टीव्ह उघड रडला. बाकावरून उठून खेळायला आला आणि पहिलाच शॉट लांबून टाकला, तो आत. एकूण १२ गुण. घर हजारो मैलांवर, आई बैरूतला. होस्टेलच्या खोलीत एकटं बसण्यापेक्षा तो त्या लोकांमध्ये गेला. माझ्या मते त्याचं सुतक त्या हॉलमध्येच झालं, सदूकाका. प्रेक्षक त्याच्याबरोबर रडत होते. तेही कॉलेजचेच प्रेक्षक.

म्हणून मला चार वर्षांनंतरचं टेंपे जास्त झोंबतं. ज्या संघासमोर तो पोरगा रडला होता, त्याच संघाच्या घरी त्याला "बाप कुठाय" विचारलं.

सदूकाका

आई बैरूतला होती हे मला माहीत नव्हतं. मग ठीक आहे. त्याने खेळणं मी समजू शकतो. माझ्या तेरा दिवसांबद्दल मात्र मी माझं म्हणणं बदलत नाही. वैदेही, तुमच्या मावशीने बोलायला नको होतं.

फास्टब्रेक

सगळं मान्य, पण हा केर आता कोच म्हणून उठसूट राजकारणावर बोलतो त्याचं काय? मे २०२२मध्ये डॅलसला प्लेऑफची मॅच होती. हा पत्रकारांसमोर येऊन म्हणाला बास्केटबॉलबद्दल बोलणारच नाही, आणि टेबलावर हात आपटून बंदुकांवर भाषण. गोल्डन स्टेट वॉरियर्सचा कोच आहेस, चार ट्रॉफ्या घेतल्यास, खेळाबद्दल बोल.

वैदेही

त्या दिवशी टेक्सासमधल्या उव्हाल्डेच्या शाळेत गोळीबारात १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या होत्या. ज्याचा बाप गोळीने गेला त्याने त्या संध्याकाळी पिक-अँड-रोलवर बोलायचं होतं?

फास्टब्रेक

मायकेल जॉर्डनचे वडीलही १९९३मध्ये गोळीनेच गेले. तो नाही बोलत. दोघं शिकागो बुल्समध्ये एकत्र होते, तीन किताब जिंकले, आणि या विषयावर आपसात कधी बोललो नाही असं केरनेच सांगितलंय. गप्प राहणं हाही एक मार्ग आहे.

वैदेही

आहे ना. पण तो ज्याचा त्याने निवडायचा, हेच मघापासून सांगतेय.

मीनल_अकोला

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. धंतोलीकर, तुमच्यासाठी आहे.

मी कॉलेजकडून बास्केटबॉल खेळायचे. वडील एसटीत कंडक्टर. एका आंतरमहाविद्यालयीन सामन्याला बाबा ड्यूटी बदलून आले होते, खाकी कपड्यांतच, बस डेपोला लावून थेट. माझा खेळ त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. समोरच्या कॉलेजच्या पोरांना कुठून कळलं कोण जाणे. मी फ्री थ्रोला उभी राहिले आणि त्यांनी पत्र्याच्या कंपासपेट्यांवर नाणी आपटायला सुरुवात केली. टक-टक, टक-टक, तिकिटाच्या पंचसारखं. मग एकजण ओरडला, "एक फुल, एक हाफ!" सगळा हॉल हसला. आमच्या बाजूचे पण हसले.

मी दोन्ही टाकले. दोन्ही आत गेले. आम्ही चार गुणांनी जिंकलो. आमच्या बॅचच्या गेट-टुगेदरला हा किस्सा अजून निघतो, मीनलने कशी जिरवली म्हणून, आणि मीही हसते.

बाबा घरी जाताना काही बोलले नाहीत. त्यानंतर मी तीन वर्षं खेळले, एकदा विद्यापीठाच्या संघातही होते. ते एकाही मॅचला आले नाहीत. विचारलं की म्हणायचे ड्यूटी आहे.

धंतोलीकर

ताई, वाचलं.

माझं मत हुटिंगबद्दल बदललेलं नाही, ते राहू दे. पण "तोंडं बंद केली, विषय संपला" हे लिहायला नको होतं. त्या धाग्यावरचा माझा प्रतिसाद काढायला संपादकांना सांगतो.

टेंपेवासी

काढू नका, राहू द्या. खाली मीनलताईंच्या प्रतिसादाचा दुवा द्या फक्त.

सदूकाका

मीनल, बाबा आहेत का?

मीनल_अकोला

आहेत काका. रिटायर झालेत. परवा नातवाला अंगणात रिंग लावून दिली, पत्र्याची, स्वतः वाकवून. उंची जरा कमी लागलीये.