‘द सिम्पसन्स’चे पहिले पर्व : डीव्हीडी संच घ्यावा की स्ट्रीमिंगवर भागवावे?

पिवळा_पडदा यांचा प्रश्न

‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकी कार्टून मालिका मी उलट्या क्रमाने पाहिली. आधी अलीकडची पर्वे आणि मग मागे मागे जात चौथ्या पर्वापर्यंत. आता पहिल्या पर्वाचा तीन डिस्कचा अमेरिकी डीव्हीडी संच वापरलेल्या स्थितीत मिळतो आहे. घ्यावा असे मनात आहे, पण निर्णय होत नाही.

या पर्वातले एक-दोन भाग स्ट्रीमिंगवर पाहिले तेव्हा चित्र फार कच्चे वाटले. चेहऱ्यांच्या रेषा दृश्यागणिक बदलतात, काही पात्रांचे रंग भलतेच दिसतात आणि सिम्पसन कुटुंबातला बाप होमर याचा आवाज तर दुसऱ्याच कुणाचा असावा असा येतो. हा दोष प्रतीचा आहे की मुळातच हे पर्व असे आहे, हे मला समजलेले नाही. मुळातच असे असेल तर डिस्क घेऊन त्यात काय सुधारणार? शिवाय सगळी पर्वे एका सेवेवर बसल्या जागी पाहता येत असताना विशीच्या घरात पोहोचलेल्या डीव्हीडीतून वेगळे काय मिळते, आणि पुढेमागे ब्लू-रे आवृत्ती येण्याची वाट पाहणे शहाणपणाचे ठरेल का, याबद्दल ज्यांनी हे संच प्रत्यक्ष हाताळले आहेत त्यांचे मत हवे आहे.

जुन्या_चकत्या यांचे उत्तर

ब्लू-रेची वाट पाहू नका. मालिकेची काही नंतरची पर्वे ब्लू-रेवर निघाली, विसावे पर्व तर क्रम मोडून 2010 च्या जानेवारीत आधीच बाजारात आणले गेले. परंतु सुरुवातीच्या पर्वांपैकी एकही ब्लू-रेवर आलेले नाही. 2015 मध्ये तर डिस्कवरची पर्वे काढणेच बंद होणार असे जाहीर झाले होते. पुढे 2017 च्या अखेरीस अठरावे आणि 2019 च्या अखेरीस एकोणिसावे पर्व आले, तेही डीव्हीडीवरच. त्यामुळे पहिल्या पर्वासाठी 25 सप्टेंबर 2001 रोजी निघालेला हा संच हाच घरी ठेवण्याजोगा पर्याय आहे.

स्ट्रीमिंगशी तुलना करायची तर मुद्दा चित्र ज्या आडव्या रेषांनी बनते त्यांच्या संख्येचा नाही. डीव्हीडीचे चित्र 480 रेषांचे असते आणि मोठ्या पडद्यावर ते मऊ दिसते, हे मान्य करूनच पुढे जावे. खरा मुद्दा चौकटीचा आहे. ही मालिका विसाव्या पर्वात, 15 फेब्रुवारी 2009 च्या भागापासून, रुंद म्हणजे 16:9 आकारात तयार होऊ लागली. त्याआधीचे सगळे भाग 4:3 आकारासाठी रेखाटलेले आहेत. असे चित्र पूर्ण रुंदीने रुंद पडद्यावर बसवायचे तर वरून आणि खालून मिळून उंचीचा बरोबर चौथा हिस्सा छाटावा लागतो. 2014 च्या ऑगस्टमध्ये एफएक्सएक्स वाहिनीने सगळी मालिका सलग दाखवली तेव्हा जुने भाग असेच छाटून दाखवले, आणि नोव्हेंबर 2019 मध्ये डिस्ने प्लस ही स्ट्रीमिंग सेवा सुरू झाली तेव्हाही तेच झाले. प्रेक्षकांनी ओरड केल्यावर 28 मे 2020 पासून तिथे मूळ आकाराचा पर्याय देण्यात आला.

चौथाई चित्र गेल्याने काय बिघडते, हे पाहायचे असेल तर चौथ्या पर्वातला ‘डफलेस’ हा भाग आठवा. होमर आणि त्याचा मित्र बार्नी डफ या बिअरचा कारखाना पाहायला जातात. तिथे डफ, डफ लाइट आणि डफ ड्राय अशी नावे लिहिलेल्या तीन टाक्या दिसतात, आणि त्या तिन्ही टाक्यांत वरून एकाच नळातून बिअर येत असते. त्या नळाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. ज्याने पाहिला त्याला हसू येते. छाटलेल्या आवृत्तीत नळच चौकटीबाहेर जातो आणि मागे उरतात त्या तीन साध्या टाक्या. या मालिकेत अर्धा विनोद पाट्यांवर, भिंतींवर आणि पात्रांच्या पाठीमागे असतो. अशा मालिकेची चौकट दुसऱ्या कुणी ठरवावी, हे मला पटत नाही. स्ट्रीमिंगवर मूळ आकाराची सोय आज आहे, परंतु ती सेवेच्या मर्जीवर आहे. डिस्कवर ते चित्र ज्या आकारात नोंदले गेले त्याच आकारात राहणार.

एक पथ्य मात्र पाळावे. प्लेयर आणि दूरचित्रवाणी संच या दोघांच्याही सेटिंगमध्ये चित्राचा आकार ‘मूळ’ किंवा 4:3 ठेवावा. अन्यथा संच आपणहून चित्र ताणतो, होमरची बायको मार्ज हिचे उंच केस बसके दिसू लागतात आणि दोष डिस्कवर येतो.

सेल_आणि_शाई यांचे उत्तर

आपल्याला दिसलेला कच्चेपणा प्रतीचा नाही, तो पर्वाचाच आहे, आणि माझ्या मते डिस्क घेण्याचे तेच सर्वांत मोठे कारण आहे.

ही पात्रे प्रथम 1987 च्या एप्रिलमध्ये ‘द ट्रेसी उल्मन शो’ या कार्यक्रमात मिनिटा-दोन मिनिटांच्या तुकड्यांतून आली. असे 48 तुकडे झाल्यावर अर्ध्या तासाची स्वतंत्र मालिका ठरली. रेखाटनाचे काम क्लास्की क्सुपो या स्टुडिओकडे होते, आणि प्रत्यक्ष हालचालींची हजारो चित्रे दक्षिण कोरियात पूर्ण करून घेतली जात. सेल म्हणजे पारदर्शक पत्र्यांवर हाताने रंग भरण्याचे ते दिवस होते. या मालिकेत संगणकावर रंग भरण्याची पद्धत कायमची रुळली ती थेट चौदाव्या पर्वात. अर्ध्या तासाचा, प्रौढांनाही धरून ठेवणारा कौटुंबिक विनोद या पद्धतीने दर आठवड्याला उभा करण्याचा सराव त्या काळी अमेरिकी दूरचित्रवाणीवर फारसा कुणाला नव्हता, आणि तो सराव चालू असताना होणारी धडपड या 13 भागांत उघड दिसते.

सर्वप्रथम तयार झालेला भाग होता ‘सम एन्चान्टेड ईव्हनिंग’, ज्यात मुलांना सांभाळायला आलेली बाई चोर निघते. तो कोरियाहून परत आला तेव्हा निर्माते हादरले. नेहमीच्या व्यंगपटांत असते तसे त्यात सगळे रबरासारखे वाकत होते. दार आपटले की दारासकट भिंतही लवत होती. मालिकेचे जनक मॅट ग्रोनिंग आणि निर्माते जेम्स एल. ब्रुक्स यांना तर उलट हवे होते. पात्रे पिवळी आणि डोळे चेंडूएवढे असले, तरी त्यांच्या घराच्या भिंती खऱ्या घरासारख्या ताठ उभ्या राहिल्या पाहिजेत, तरच त्या घरातले भांडण आणि पैशांची ओढाताण खरी वाटेल, हा त्यांचा आग्रह होता. त्या भागाचे सुमारे 70 टक्के काम पुन्हा करावे लागले. मालिकेचा प्रारंभ त्यामुळे शरद ऋतूतून पुढे ढकलला गेला आणि 17 डिसेंबर 1989 रोजी नाताळच्या विशेष भागाने ती सुरू झाली. फेटाळलेला भाग दुरुस्त होऊन 13 मे 1990 रोजी, पर्वाचा शेवटचा भाग म्हणून दाखवला गेला.

या फेटाळलेल्या चित्रणाचे तुकडे या संचात पाहायला मिळतात. सर्वसाधारणपणे निर्माते अशी कामे पुरून टाकतात. इथे ती प्रेक्षकांसमोर मांडली आहेत. त्यांच्या शेजारी प्रसारित झालेला भाग लावून पाहिला, की त्या मंडळींनी नेमके काय नाकारले ते कुणी समजावून सांगण्याची गरज उरत नाही. ट्रेसी उल्मनच्या कार्यक्रमातला पहिला तुकडा, ‘गुड नाइट’, हाही याच संचात आहे.

रंगांचे म्हणाल, तर ‘होमर्स ओडिसी’ या भागात होमरच्या मालकाचा मदतनीस स्मिदर्स सावळ्या वर्णाचा दिसतो आणि पुढे तो पिवळा होतो. बार्नीचे केस या पर्वात त्याच्या कातडीसारखेच पिवळे आहेत. केस आणि कातडी एकाच रंगाची असणे हे सिम्पसन कुटुंबाचेच लक्षण राहावे म्हणून ते नंतर तपकिरी केले गेले. होमरचा आवाजही दुसऱ्या कुणाचा नाही. डॅन कॅस्टेलानेटा यांनी सुरुवातीला अभिनेते वॉल्टर मॅथाऊ यांच्या धाटणीचा घोगरा, रेंगाळणारा आवाज लावला होता. तासन्‌तास चालणाऱ्या ध्वनिमुद्रणात तो टिकवणे जड जाऊ लागले आणि भावनेच्या चढउतारांनाही तो पुरेना, म्हणून त्यांनी तो हळूहळू बदलला. दुसऱ्या पर्वापासून आपल्या ओळखीचा होमर ऐकू येऊ लागतो. संगीतातला फरकही कान देऊन ऐकण्यासारखा आहे. शीर्षक संगीत पहिल्यापासून डॅनी एल्फमन यांचे. पण पहिल्या पर्वाचे पार्श्वसंगीत रिचर्ड गिब्ज यांचे आहे, आणि पुढच्या पर्वांचे संगीतकार अल्फ क्लॉसन दुसऱ्या पर्वात आले.

संवादवेडा यांचे उत्तर

वरील दोघांच्या माहितीबद्दल वाद नाही, पण निष्कर्षाबद्दल आहे. इतिहास म्हणून जपायला पहिले पर्व उत्तम. एखाद्या संध्याकाळी हसण्यासाठी डिस्क लावायची असेल तर तिसरे किंवा चौथे पर्व आधी घ्यावे. पहिल्या पर्वात विनोदांचा वेग मंद आहे, काही प्रसंग नको इतके लांबतात आणि होमर अजून निव्वळ चिडका बाप आहे. एकच संच परवडणार असेल, तर माझे मत चौथ्याला.

तिसऱ्या पर्वाच्या बाजूने एक वेगळे कारण आहे. त्यातला पहिला भाग, ‘स्टार्क रेव्हिंग डॅड’, 19 सप्टेंबर 1991 रोजी प्रसारित झाला होता आणि त्यात मायकेल जॅक्सन यांचा आवाज होता. श्रेयनामावलीत मात्र नाव जॉन जे स्मिथ असे दिले होते. जॅक्सन यांच्यावरचे आरोप पुन्हा चर्चेत आल्यावर मार्च 2019 मध्ये निर्मात्यांनी हा भाग चलनातून काढून घेतला आणि डिस्ने प्लसवर तो कधी आलाच नाही. 2003 च्या डीव्हीडी संचात तो आहे. तो भाग पाहावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे; परंतु ज्याला पर्व संपूर्ण हवे आहे त्याला डिस्कशिवाय गत्यंतर नाही.

पहिल्या पर्वाच्या बाजूने मी बोलेन ते दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे कॉमेंट्री, म्हणजे भाग चालू असताना तो करणाऱ्यांनी केलेले भाष्य. तेराही भागांवर ती आहे, आणि डेव्हिड सिल्व्हरमनसारखे दिग्दर्शक स्वतःच्याच चित्रातली वाकडी रेषा दाखवून त्यावर हसतात, ते ऐकणे मूळ भागाइतकेच रंजक आहे. दुसरी म्हणजे ‘लाइफ ऑन द फास्ट लेन’ हा भाग, ज्याला 1990 चा सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेटेड कार्यक्रमाचा एमी हा अमेरिकी दूरचित्रवाणी पुरस्कार मिळाला. मार्जच्या वाढदिवसाला होमर बोलिंगचा चेंडू भेट देतो. त्यावर नाव कोरलेले असते होमरचे, आणि बोटांची छिद्रेही त्याच्याच मापाची. चिडून मार्ज खरोखरच बोलिंग शिकायला जाते, आणि तिथला शिक्षक तिच्या प्रेमात पडतो. होमरला संशय येतो, पण त्याला बोलता येत नाही. तो स्वयंपाकघरात येऊन तिला इतकेच सांगतो, की तू सँडविच करतेस तेव्हा जेली नेहमी मधोमध राहते, कडेने गळून हात चिकट होत नाहीत, हे मला फार आवडते. संसार हातचा जाताना दिसत असलेला माणूस जेलीबद्दल बोलतो. हा प्रसंग मंद आहे म्हणूनच चालतो. तिसऱ्या पर्वाच्या वेगात तो एवढा वेळ थांबला नसता.

पिवळा_पडदा यांचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. प्रतीच्या दोषाबद्दलची शंका पूर्ण फिटली. फेटाळलेले चित्रण पाहण्यासाठीच आता पहिले पर्व घ्यावेसे वाटते आहे, आणि संवादवेडा यांनी सांगितलेला भाग मी स्ट्रीमिंगवर अर्ध्यात सोडला होता, तो पुन्हा पाहीन. वापरलेला संच घेताना डिस्क कशी तपासावी, आणि अमेरिकी संच माझ्या प्लेयरवर चालेल की नाही हे कसे ओळखावे, एवढे कुणी सांगितले तर बरे होईल.

जुन्या_चकत्या यांचे उत्तर

आवरणाच्या मागे पृथ्वीगोलाच्या छोट्या चिन्हात एक अंक छापलेला असतो. अमेरिका आणि कॅनडासाठीच्या डिस्कवर तो 1 असतो. आपला प्लेयर तो अंक स्वीकारणारा किंवा सर्व विभागांच्या डिस्क चालवणारा असला पाहिजे. त्याच्या पाठीवर किंवा माहितीपुस्तिकेत हे नोंदलेले असते. अमेरिकी डिस्क एनटीएससी या तिकडच्या दूरचित्रवाणी पद्धतीच्या असतात, तेव्हा तीही पद्धत प्लेयर आणि पडदा या दोघांना चालते ना, ते पाहून घ्यावे. संगणकाच्या ड्राइव्हवर विभाग बदलता येतो, परंतु तो मोजक्याच वेळा, म्हणून उगाच प्रयोग करू नयेत.

डिस्क तिरकी धरून उजेडात पाहावी. केंद्रापासून कडेकडे गेलेले ओरखडे दिसायला भयंकर असले तरी बहुधा निभावतात, कारण प्रत्येक वळणावर थोडीशीच माहिती बिघडते आणि प्लेयर ती भरून काढतो. वर्तुळाच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र बारीक असला तरी घातक, कारण तो एकाच मार्गावरची सलग माहिती खाऊन टाकतो. पुसतानाही याच कारणाने मऊ कापड केंद्राकडून सरळ कडेकडे न्यावे, गोल फिरवू नये. मधल्या छिद्राभोवती तडे गेले आहेत का, तेही पाहा. घट्ट बसलेली डिस्क ओढून काढल्याने ते पडतात आणि तशी डिस्क घेऊ नये.

विक्रेता चालवून दाखवायला तयार असेल तर प्रत्येक डिस्कवरचा शेवटचा भाग लावायला सांगा, आणि मध्येच एकदा पुढे उडी मारून पाहा. तिसऱ्या डिस्कवर ‘सम एन्चान्टेड ईव्हनिंग’ आणि ते फेटाळलेले चित्रण आहे, त्यामुळे आपल्या दृष्टीने तीच डिस्क सर्वांत आधी तपासावी.